साक्षी पॉझिटिव्ह

सौंदड, ४ जुलै

ती. शामकलाताईस,
सप्रेम जय भीम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोठ्यानं बोललो की तूच म्हणतेस, भांडून राहिला. म्हणून पत्र.

साक्षीच्या शाळेत सिकलसेलची तपासणी झाली. तिचा पॉझिटिव्ह आला. प्रेमिला घाबरली होती, मीच तिला समजावलं. लग्नानंतर आमचे दोघांचेही पॉझिटिव्हच आले होते. तुम्ही नुसते वाहक, औषध नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि खरंच कधी काही झालं नाही. पोरीचे हातपाय दुखतात, डोळे पिवळट दिसतात. नववं वर्ष, वाढीचं वय. दुसऱ्या तपासणीला गोंदियाला बोलावलंय. धानाची रोवणी आटोपली की जाऊ.

आमच्यावर माया राहू दे.
तुझा, रत्नपाल

केशोरी, ११ जुलै

चि. रत्नपाल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ताच वाचलं. रोवणी सोड आणि पोरीला घेऊन जा. शेजारच्या छोटेलालच्या नातीच्या वेळी आरोग्य केंद्राच्या आशाताईनं आम्हाला सांगितलं होतं, पहिल्या तपासणीत वाहकही पॉझिटिव्ह निघतो आणि रोगीही. कोण काय, ते दुसऱ्या तपासणीतच कळतं. मायबाप दोघंही वाहक असले तर लेकरू रोगी असू शकतं. वाढीच्या वयानं डोळे पिवळे होत नाहीत, बाबा. तिला पावसात भिजू देऊ नको.

उलट टपाली कळव. जीव टांगणीला लागला आहे.
तुझी ताई

सौंदड, २ ऑगस्ट

ती. ताईस जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा साक्षी दवाखान्यात होती. धानाच्या बांधीत रोवणी करताना आमच्यासोबत भिजली, दुसऱ्या दिवशी ताप आला, छाती दुखू लागली. डॉक्टरबाईंनी विचारलं, आजार कधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, "आजार नाही जी मॅडम, नुसती पॉझिटिव्ह हाये." त्यांनी लगेच दुसऱ्या तपासणीसाठी तिचं रक्त काढून घेतलं. मग रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. सतरा तारखेला सकाळी ती गेली. दुसऱ्या तपासणीचा कागद नंतर हाती आला. त्यावर रोगी लिहिलं होतं.

प्रेमिला माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, "मी भेली होती. तुमी मले काऊन समजावलं?"

धाकट्या हर्षाचीही पहिली तपासणी केली. पॉझिटिव्ह आहे. दुसरीचा कागद पंधरा दिवसांनी मिळेल. ताई, तू ये. त्यावर काय लिहिलं आहे ते प्रेमिलाला तूच सांग. माझ्या तोंडून आता तिला काहीच खरं वाटणार नाही.

रागावली असशील, तरी ये.
रत्नपाल