पाच कपांचा सेट

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घालतो आहे, पण मनातला धरावा). तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला? आणि तुमच्या बहिणीचा राग? पहिल्या दोन चौकशा मनापासून आहेत, पण पत्र तिसरीसाठी आहे. ती तुमच्याकडे का येऊन बसली, हे तुम्ही तिच्याकडून ऐकलं असेलच, आणि ते खरंच असणार. तरी माझी बाजू ऐका.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत रीत अशी, की कोणताही अर्थ स्वतः पडताळल्याशिवाय लिहायचा नाही. बाकीचे माना डोलावतात आणि जुन्या कोशातून उतरवतात. मी खरोखर पडताळतो. या खेपेला माझ्या वाट्याला इंग्रजी ‘सेट’ आला. एवढासा शब्द, पण अर्थ मारुतीच्या शेपटासारखे! ‘घट्ट होणे’ पाहायला फ्रिजमध्ये जेली ठेवली आणि झाली का, झाली का करत इतक्यांदा बोट घातलं, की ती शेवटपर्यंत पातळच राहिली. (दोष जेलीचा की बोटाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) ‘मावळणे’साठी गच्चीत गेलो, तर सूर्य ढगाआड गेला आणि खाली दूध उतू गेलं. ‘सापळा लावणे’ यात उंदराऐवजी तिचा अंगठा सापडला. तरी ती एवढंच म्हणाली, “अहो, तुम्हाला ‘मांजर’ हा शब्द का नाही देत?”

मग ‘संच’ आला. तुमच्या आईंनी जाण्यापूर्वी तुम्हा दोघा भावंडांना सारखेच कपबश्यांचे सेट दिले होते. आमच्यातला एक कप मी कचेरीत नेला आणि संध्याकाळी तिला विचारलं, “उरलेल्या पाचांना सेट म्हणशील का गं?” प्रश्न निव्वळ शास्त्रीय होता.

“आईची आठवण आहे ती,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला तिचा अर्थ हवाय?”

बॅग भरायला तिला वेळ लागला नाही.

तेव्हापासून घरात सगळं जागच्या जागी आहे, आणि कशालाच संच म्हणवत नाही. हे वाक्य कोशात घालता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तिची समजूत काढा.

तुमचा मेहुणा
(सध्या सुटा)

ता. क. खरं सांगायचं तर तो कप कचेरीत विसळताना फुटला. तिला वाटतंय, तो माझ्या टेबलावर आहे. तुमच्या सेटमधला एक तिच्या नकळत पाठवाल का? तुमच्याकडे पाचच उरतील, पण तुम्ही कोशात कामाला नाही, तुम्हाला चालावं.

ता. क. २ तिच्या नकळत काही करणं मनाला पटेना. म्हणून या पत्राची जशीच्या तशी नक्कल वेगळ्या पाकिटात तिच्या नावे टाकली आहे. तुम्ही मात्र कप गुपचूपच पाठवा.