गेल्या ऑगस्टचं पाणी

३ मार्च, सोमवार

आली एकदाची दोन्ही मशीनं! एकाच मापाची, एकाच रंगाची, ओळखू येईनात. दोन कंपन्यांचे दोन प्रोसेसर, महिनाभर उसने. चाचणी घ्यायची, एक ठेवायचा, एक परत. महागड्याचं मी लगेच बारसं केलं — ‘जावईबापू’. खोली थंडगार हवी, वीज भरपूर हवी, वर किंमत दीडपट! दुसरा ‘गडी’. कोअर, म्हणजे आतले कामकरी, जास्त, कौतुक कमी. शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला पोट धरून हसला. मीही हसले. मग एकदम ओशाळल्यासारखं झालं.

साहेब म्हणाले, ‘‘नुसता वेग नको सांगू. पैशाच्या मानानं काम किती, ते सांग.’’

आमचं काम नदीच्या पुराचा अंदाज काढायचं; पण चाचणीला कुठला पूर घ्यायचा, हे कुणी विचारेना. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले. शेवटी मीच म्हटलं — गेल्या ऑगस्टचा. सगळ्यात मोठा तोच आहे.

५ मार्च, बुधवार

आज दिवसभर त्या दिवसाची माहिती गोळा केली. कुठे किती पाऊस, धरणातून किती सोडलं, कुठल्या पुलाशी किती उंची. नुसते आकडे! पण प्रत्येक आकड्यापाशी मी तेव्हा काय करत होते ते आठवतं.

त्या दिवशी म्हाताऱ्याला — जुन्या सर्व्हरला आम्ही म्हातारा म्हणतो — अंदाज काढायला सव्वाचार तास लागले. पाणी साडेतीन तासांत पंपघरात शिरलं. आणि पंपघरात दादा होता. शहराला पाणी पुरवणारा माणूस, खाली तळघरात पंप बंद करत बसलेला. आकडा हातात पडल्यावर मी पहिला फोन त्यालाच लावला. नुसता वाजत राहिला.

वहिनी मला एकच वाक्य बोलली. ‘‘नदीकडे बघायचं काम तुझंच होतं ना गं?’’ त्यानंतर अबोला. सात महिने.

६ मार्च, गुरुवार

जावईबापू — दोन तासांना पाच मिनिटं कमी. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

७ मार्च, शुक्रवार

गडी — सव्वातीन तास. म्हणजे पाण्याच्या पंधरा मिनिटं आधी. पंधरा मिनिटांत काय होणार? दादा एका फोनवर हलणारा माणूस नव्हे! ‘‘हो गं, निघतो,’’ म्हणून आधी हात धुतले असते, मग डबा शोधला असता, मग कुणाला तरी चार सूचना.

नकाशेवाला म्हणाला, ‘‘मग काय, जावयाचे लाड पुरवायचे.’’

साहेबांनी मान हलवली नाही. ‘‘दीडपट पैसे मागायला कारण पाहिजे,’’ म्हणाले. मी त्यांच्याकडे नुसतं बघत राहिले. त्यांनी नजर चुकवली. भला माणूस आहे, पण त्यालाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं असतं.

९ मार्च, रविवार

आईकडे. आई वहिनीकडची बातमी मला देते, माझी तिला. मधल्यामध्ये तिचीच ओढाताण. ‘‘तूच जा की एकदा,’’ म्हणाली. ‘‘ती तुला घरात घेणार नाही असं थोडंच आहे?’’

कुठल्या तोंडानं जाऊ?

खरं लिहायचं तर मला यातलं कुठलंच मशीन ऑफिससाठी नकोय. मला एवढंच सिद्ध करायचंय, की आमच्याकडे जे मशीन होतं त्यावर अंदाज वेळेत निघणारच नव्हता. जीव तोडून काम केलं असतं तरी नाही. हे एकदा आकड्यांत दाखवता आलं, की मी वहिनीच्या दारात उभी राहू शकेन. बास. दुसरं काही नको.

१२ मार्च, बुधवार

गड्याच्या कंपनीचा इंजिनिअर आला. बोलघेवडा! दारातूनच सुरू — ‘‘मॅडम, आमचा प्रोसेसर सव्वातीन तास घेतो? शक्यच नाही! पैज लावता?’’ झाकण उघडलं आणि तोंड मिटलं. मग हळूच, ‘‘या पट्ट्या कुणी बसवल्या?’’

‘‘तुमच्याच गोदामातून अशा आल्यात,’’ मी म्हटलं. चेहरा बघण्यासारखा झाला!

मेमरीच्या पट्ट्या जोडीजोडीनं खेटून बसवलेल्या, आणि निम्म्या वाटा रिकाम्या. प्रोसेसरला मेमरीकडे जायला जेवढ्या वाटा, त्या सगळ्यांवर एकेक पट्टी हवी. एकाच वाटेवर दोन कोंबल्या तर मशीन चालतं, तक्रार करत नाही, पण अर्धा वेळ माहितीची वाट बघत बसतं. आमचं काम तर सगळं माहिती इकडून तिकडे नेण्याचंच. कळणार कसं? स्क्रीनवर एकूण मेमरी बरोबर दिसते. वेगळं काही आहे असं वाटतच नाही.

पट्ट्या पसरून बसवल्या. पुन्हा तोच पूर.

दोन तास पाच मिनिटं!

१४ मार्च, शुक्रवार

अहवाल दिला. जावई दहा मिनिटांनी पुढे, गड्याचं काम पैशाच्या मानानं कितीतरी जास्त. गडी ठेवा. साहेब खूश. ‘‘असं सरळ लिहिलेलं बरं असतं,’’ म्हणाले. शेवटच्या पानावर तिन्ही मशीनचे वेळ एकाखाली एक लिहिले, म्हाताऱ्याचाही. त्या एका ओळीसाठी माझा सगळा खटाटोप होता.

१६ मार्च, रविवार

गेले. वहिनीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. ‘‘ये’’ म्हणाली नाही, ‘‘जा’’ही नाही. दादाचा चष्मा अजून टीव्हीवरच आहे.

काय काय ठरवून गेले होते, सगळं विसरले. पान पुढे केलं. तिनं वाचलं नाही. म्हणाली, ‘‘मला त्यातलं कळत नाही. तू सांग.’’

सांगितलं. ती ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

‘‘म्हणजे होतं त्या मशीनवर होणारच नव्हतं?’’

‘‘नव्हतं, वहिनी.’’

‘‘तू कितीही धडपडलीस तरी?’’

‘‘कितीही.’’

पदर बोटावरून सुटला. मग म्हणाली, ‘‘मी रात्रंदिवस तुला शिव्या घालत होते गं. ह्यांना घालता येईनात, म्हणून तुला.’’ आणि रडायला लागली. मी पण. मग दोघींनी चहा केला, साखर घालायला विसरलो, तसाच प्यायलो. निघताना माझ्या केसांवरून हात फिरवला. पूर्वी फिरवायची तसा.

१७ मार्च, सोमवार

ऑगस्टनंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली.

२४ मार्च, सोमवार

गडी कामाला लागला. जावईबापू खोक्यात बसून माघारी. म्हातारा बंद केला. नकाशेवाला म्हणाला, ‘‘सुटला बिचारा.’’ मला म्हाताऱ्याचा राग आहे की नाही, कळत नाही. वहिनीचा रोज फोन येतो. आज तिनं दादाची एक खोडी सांगितली, आणि आम्ही दोघी हसलो.

२५ मार्च, मंगळवार

भंगारात देण्याआधी म्हाताऱ्याच्या पट्ट्या काढून ठेवा, असा भांडारातून निरोप. नऊ वर्षांत ते झाकण कुणी उघडलं नव्हतं. काम बिनबोभाट चालत होतं, कशाला उघडतील?

मी उघडलं.

जोडीजोडीनं खेटून. निम्म्या वाटा रिकाम्या.

झाकण पुन्हा लावलं. नको पट्ट्या पसरून बघायला. उद्या भंगारवाला घेऊन जाईल, संपलं. — नाही, मला राहवणार नाही. मी बघणारच.

२६ मार्च, बुधवार

त्याच पट्ट्या. एकही नवी नाही. नुसत्या इकडच्या तिकडे. तोच पूर.

म्हातारा — दोन तास चाळीस मिनिटं. पाण्याच्या पन्नास मिनिटं आधी.

मघाशी वहिनीचा फोन आला. ‘‘रविवारी जेवायलाच ये. तुझ्याशी बोललं की बरं वाटतं गं.’’

येते म्हटलं.