मिशीवरचा फेस

मद्रास, मैलापूर. शुक्रवार, दिवेलागण.

काय म्हणावं मामंजींना! छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांनी त्यांची काफी बंद केली. (इथे कॉफीला काफीच म्हणतात, आता मीही.) मला वाटलं, चोरून घेतील. छे! बिया अजून तेच भाजतात, दळतात, सगळ्यांना पाजतात. स्वतः मात्र घोटभरही नाही.

आज तंजावरचे त्यांचे मावसभाऊ आले. एकट्याने काफी घेणं त्यांच्यात अपमानाचं. "तू घेत नाहीस, तर मलाही नको!" झालं, आता मोडतं पथ्य, असं मला वाटलं. मामंजी उठून आत आले. भावाची काफी उंचावरून ओतून फेसाळ केली. आपल्या पितळी पेल्यात नुसतं गरम पाणी घेतलं आणि त्यावर भावाच्या काफीचा चमचाभर फेस अलगद ठेवला. मी बघतच राहिले.

बाहेर दोघे फुंकर घालत प्यायले. मामंजींच्या मिशीला फेस लागलेला. भाऊ खूश! मला हसू आवरेना, आणि मधेच डोळेही भरून आले. का, कोण जाणे. त्या फेसामुळेच असेल.

भाऊ गेल्यावर मामंजींनी भावाचा रिकामा पेला उचलला, क्षणभर नाकाशी धरला. मग मिशी पुसत मला म्हणाले, "सूनबाई, माझी काफी आज जरा पातळ झाली हं."