भट्टीपुढची जागा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, गुडघे आता वाकत नाहीत). तुझा खोकला कसा आहे? इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

लढाईमुळे महागाई भडकली आणि ती आमच्या पगारांमुळे भडकते असा सरकारला शोध लागला, तेव्हा सगळ्यांचे पगार होते तिथेच गोठवले. (माझ्या पगारात एवढी ताकद आहे हे ऐकून मला उगीचच भारदस्त वाटलं.) आमच्या बेकरीचे मालक भला माणूस. त्यांनी हुकूम वाचून वाचून त्यातली फट शोधली: माणसाचा पगार वाढवायचा नाही, पण तो वरच्या जागेवर गेला तर त्या जागेचा पगार त्याला मिळतो. झालं! झाडणाऱ्या मावशी स्वच्छताप्रमुख झाल्या, पाव पोचवणारा 'आलोच' (टोपणनाव, कधी वेळेवर येत नाही) वाहतूक अधिकारी झाला, आणि कणकेचे गोळे वजन करणारा मी मापन व्यवस्थापक. आता एकमेकांना हाक कशी मारायची या चर्चेत एक घाणा पाव करपले. मावशींनी तर झाडू हातात धरायलाच नकार दिला. म्हणाल्या, प्रमुखानं फक्त बोट दाखवायचं.

मग तपासनीस आला. (चेहरा असा, की दूध नासावं.) त्यानं मावशींना विचारलं, हाताखाली किती माणसं? मावशी म्हणाल्या, "हा एक झाडू, आणि तोही ऐकत नाही." तिथेच सगळं फिसकटलं. नव्या जागा रद्द! बढती द्यायची तर जुन्या, रिकाम्या जागेवरच. तेव्हा ताई, पगारवाढ बुडाली. घरात कोळसा पुरत नाही, तुझी वहिनी दोन स्वेटर घालून स्वयंपाक करते, आणि मी सरकारच्या नावानं बोटं मोडतो.

लढाईवरून पोराचं पत्र नाही. तू विचारायला कचरशील, म्हणून मीच लिहिलं.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं सांगू? जुनी जागा एक आहे. भट्टीपुढची, आपल्या पोराची. तो गेल्यापासून मालक स्वतःच पाव भाजतात. म्हणाले, तुम्ही घ्या, दीडपट पगार. फक्त जागा रिकामी झाली म्हणून सही करा. पेन हातात घेतलं गं, आणि तसंच परत ठेवलं. जागा रिकामी कुठाय? तो बाहेर गेलाय. त्याचा अ‍ॅप्रन अजून खुंटीवर आहे, आणि धुरानं सगळं काळवंडलं तरी तो पांढराच. (कापड चांगलं, दुसरं काय!) मी मालकांना सांगितलं, मला उष्णता सोसत नाही. घरी सांगितलं, सरकार नाही म्हणालं. तेवढं तू रविवारी येऊन हिच्यासमोर सरकारला चांगल्या शिव्या दे. तुझ्या शिव्यांवर हिचा विश्वास आहे.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी पत्र माझ्याकडेच दिलं. असा हा हुशार माणूस. मालक आधी माझ्याकडे आले होते, यांना समजवा म्हणून. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तो अ‍ॅप्रन मी दर आठवड्याला धुते आणि मावशींच्या हाती गुपचूप खुंटीवर पाठवते. यांना यातलं काही सांगू नका. रविवारी नक्की या, आणि सरकारला भरपूर शिव्या द्या. यांना बरं वाटेल.