मनोंगच्या बाटलीतले बी

मी, लिब्रादा रागासा गालापोन, राहणार केआआउ, पुना, हवाई बेट, वय सत्याहत्तर, धंदा पपईची शेती व निवृत्त होईपर्यंत जोडीला शेतकी खात्यात झाडे तपासण्याची नोकरी, हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या की कायद्यात गुडघ्यांची अट नाही. कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. याआधीचे दोन्ही कागद रद्द समजावेत. ते माझा थोरला भाऊ जिवंत असताना मी रागाच्या भरात केले होते.

या कागदात महत्त्वाची वस्तू एकच आहे. ती एक काचेची बाटली असून तिच्यात पपईचे बी आहे. ते बी कोणाचे, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. आधी बाकीचे उरकते.

कलम १. केआआउचे पत्र्याचे घर, पावसाच्या पाण्याची टाकी आणि बँकेत उरेल ते, माझा मुलगा ड्वेन याला. तो लास व्हेगासला राहतो. घर विकणार असशील तर विक, बाबा, पण टाकीतला बेडूक नव्या मालकाला दाखवून दे. तो पाणी स्वच्छ ठेवतो.

कलम २. कापोहोची चार एकर जमीन. ती कागदावर अजून माझी आहे. प्रत्यक्षात ती २०१८ सालापासून लाव्याखाली आहे, माझ्या दोन हजार झाडांसकट. ज्वालामुखीच्या पेलेदेवीने आपले घेतले, तिच्याशी माझे भांडण नाही. शेजारची चार एकर माझ्या भावाची होती. आमची मधली हद्द आता कोणालाच सापडणार नाही. हे सगळे भावाची मुलगी मॅरिव्हिक हिला. काळ्या दगडाचे काय करायचे ते तिने ठरवावे.

कलम ३. कोयते दोन, भिंग, रबरी बूट आणि लाल रंगाचा डबा. कोयते व भिंग मॅरिव्हिकला. बूट ज्याला येतील त्याला. डबा फेकून द्यावा, कोणाला देऊ नये. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. श्रीमती व्हिटकोम, ज्या बाजारात माझ्या दुकानासमोर 'विष विकू नका' अशी पाटी धरून दोन वर्षे उभ्या राहिल्या, त्यांना एक टोपली पिकलेल्या पपया द्याव्यात, कुठली ते न सांगता. चर्चच्या जेवणात त्यांनी माझ्या पपया दोनदा वाढून घेतल्या होत्या आणि 'जुन्या चवीचं आता कुठं मिळतं' असे म्हणाल्या होत्या. तेव्हा मी काही बोलले नाही. आताही बोलायचे नाही, फक्त टोपली द्यायची.

कलम ५. मला भावाशेजारी पुरावे. जागा अरुंद असली तरी चालेल.

कलम ६. बाटली. वकीलबाई म्हणाल्या, वस्तूचे वर्णन खरे हवे. बाटलीवर माझा भाऊ तेओफिलो रागासा याच्या अक्षरात लिहिले आहे: 'तातांगचे बी. शुद्ध.' तातांग म्हणजे आमचे वडील, आणि मनोंग म्हणजे थोरला भाऊ, मी त्याला तसेच म्हणायचे. हे वर्णन खरे नाही, म्हणून पुढचे लिहावे लागते आहे.

ब्याण्णव साली पुनाच्या पपयांवर रोग आला. पाने आकसायची, फळांवर कड्या उठायच्या, झाड उभ्याउभ्या वाळायचे. रोगट झाड दिसले की खोडावर लाल पट्टा मारायचा, दुसऱ्या दिवशी माणसे येऊन ते कापायची. पट्टा मारणारी मी होते. चौऱ्याण्णव साली मी भावाच्या अंगणात पोचले. दारात तातांगने लावलेले झाड होते, मादी, गोल फळांचे. तातांगला जाऊन पाच वर्षे झाली होती.

"लिब्रा, ते झाड तातांगच्या हातचं आहे."

"मनोंग, फळांवर कड्या आल्यात. उद्या सगळ्या रानात जाईल."

"सगळ्या रानाचं मला सांगू नकोस. ह्या एका झाडाचं बोल."

मी डब्यात ब्रश बुडवला आणि पट्टा ओढला. आमची आई, नानांग, आत लोणच्यासाठी हिरवी पपई किसत होती. तिचा किसणीचा आवाज थांबला, एवढेच मला आठवते. मनोंगने कापायच्या आधी त्या झाडाची उरलेली फळे उतरवून घेतली आणि त्यांचे बी धरले.

रोग शेवटी सगळ्या रानात गेलाच. माझ्या त्या पट्ट्याने एकही झाड वाचले नाही. हे मनोंगला तर ठाऊक होतेच, मलाही होते. त्या दिवसापासून आमच्यात विस्तव जात नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली नवे बी आले. शास्त्रज्ञांनी त्या रोगाचाच एक तुकडा पपईच्या अंगात बसवला होता, मुलाला लस टोचतात तसा. आम्ही अटींच्या कागदावर सही केली आणि बी घरी आणले. मी चारही एकरांत तेच लावले. झाडे अशी उभी राहिली की मला रडू आले. मनोंगने मात्र तातांगचेच बी लावले. नानांगच्या वाढदिवसाला मी गेले तेव्हा तो माझ्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काही पपयांना आईबाप असतात, काहींना नुसता सहीचा कागद."

त्याची झाडे मरत होती. पण थोडी जगली, आणि त्यांच्या बियांची आणखी जगली. तो बाजारात छाती पुढे काढून सांगायचा, "बापाचं बी आहे. लस नाही, औषध नाही. रोगाला पुरून उरलंय." लोक टाळ्या वाजवायचे. श्रीमती व्हिटकोमसुद्धा.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. आम्ही एका खड्ड्यात तीन रोपे लावतो. फुले आली की ज्याच्या फुलात नर-मादी दोन्ही आहेत ते ठेवतो, बाकीची कोयत्याने उडवतो. मादीची गोल फळे बाजारात कोणी घेत नाही. मनोंगने दारात एक मादी मुद्दाम ठेवली, कारण तातांगचे झाड मादी होते आणि नानांगला लोणच्याला गोल फळच लागे. बीही तो तिचेच धरायचा. पण मादी एकटी फळत नाही, तिला पराग बाहेरून लागतो. आणि त्याच्या शेताला तिन्ही बाजूंनी माझे रान होते.

२००३ साली नानांगने मला त्या झाडाचे एक फळ गुपचूप दिले. ऑफिसात एक द्रव असतो. नव्या पपईचे बी त्यात रात्रभर ठेवले की निळे होते, जुन्याचे पांढरे राहते. सकाळी दहांपैकी सहा निळे होते. रोगाने जुनी रोपे मारली होती आणि माझी लेकरे त्याच्या अंगणात जगवली होती.

मी ते मोरीत ओतले आणि मूग गिळून बसले. तातांगचे म्हणावे असे त्याच्याकडे दुसरे काही उरले नव्हते, आणि जे होते ते मी कापवले होते. त्याने मला बाजारात काहीही म्हणावे, मी ऐकून घ्यायचे, असे मनाशी ठरवले. २००६ नंतर तो ते बोलायचा बंद झाला. मला वाटले, वय झाले.

लावा आला तेव्हा आम्हा दोघांना पाहोआच्या व्यायामशाळेत ठेवले होते. त्याने घरातून फक्त ही बाटली आणली होती. चोवीस वर्षांनी तो माझ्या खाटेपाशी आला.

"खाल्लंस का?"

"खाल्लं, मनोंग. तू?"

"खाल्लं. एवढंच आणलं बघ."

"बरं केलंस."

बाटली आमच्या मध्ये होती. मला सांगता आले असते. मी म्हटले, सांगू उद्या.

त्याने ते बी केआआउला पुन्हा लावले. २०२१ साली तो गेला. नवव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर मॅरिव्हिकने बाटली माझ्या हातात ठेवली. ताज्या हंगामाचे बी होते. आम्ही दोघी भांडी घासत होतो.

"डॅडींनी तुलाच द्यायला सांगितली. आंटी, एक बोलू? रागवायचं नाही."

"बोल गं."

"तू गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली होतीस ना, २००६ ला? तेव्हा डॅडी तुझ्या ऑफिसात बी तपासायला गेले होते. मीच गाडी चालवली."

मी हातातली थाळी विसळून पालथी घातली. "मग?"

"निळं निघालं. गाडीत बसल्यावर म्हणाले, आंटीला कळता कामा नये. एवढं सगळं बोलून बसलोय, आता तिच्याशी बोलायला मला तोंड कुठंय?"

म्हणजे तो जाईपर्यंत पंधरा वर्षे आमच्या दोघांनाही ठाऊक होते. त्या खाटेपाशी उभा राहिला तेव्हाही त्याला ठाऊक होते. मी त्याच्यासाठी गप्प, तो लाजेने गप्प. मला तोंड होते की, मनोंग. मीच जायला हवे होते. धाकटीने पुढे व्हायचे असते. हे दुःख मी कोणाच्या नावे करू शकत नाही, ते माझ्याबरोबरच जाईल.

तेव्हा वर्णन असे: लोणच्याची बाटली एक. आत पपईचे वाळवलेले बी, दोन मुठी. आई, तेओफिलो रागासाच्या दारातले मादी झाड. बाप, लिब्रादाच्या रानातली नवी पपई. ही बाटली मॅरिव्हिकला. भावाच्या अक्षरातली चिठ्ठी खरवडू नये. एका खड्ड्यात तीन रोपे लावावीत, आणि दाराजवळच्या खड्ड्यात मादी आली तर ती कापू नये.

वकीलबाई म्हणतात, पुढचे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, बसवा. मॅरिव्हिक, पपईचे बी फार वर्षे टिकत नाही, तीन तर झालीच. माझ्या मरणाची वाट बघत बसलीस तर ते आधी मरेल. हा कागद तुला पोचला की त्याच शनिवारी ये आणि बाटली घेऊन जा. मी घरी आहे. जेवूनच जा.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच आहे.

(सही) लिब्रादा रागासा गालापोन

आम्हा दोघांसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही. आम्हाला यातले काही मिळणार नाही, बूट सोडून, आणि तेही आम्हाला लहान होतात.

साक्षीदार १: नॉर्मन काहालेवाई, शेजारी (सही)
साक्षीदार २: जॉयसलिन ताबिओस, टपाल कचेरी (सही)

स्थळ: केआआउ
दिनांक: १२ मार्च २०२४, मंगळवार