धुतलेली ज्वारी

वणी, मंगळवार, संध्याकाळ

परवा ताईच्या बाळाचं उष्टावण आहे. आमच्याकडे पहिला घास घरच्या शेतातल्या ज्वारीच्या कण्यांचा असतो. शेत कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून, धूळ पिकावर बसते, म्हणून आई दुपारपासून ज्वारी धूत होती. पहिलं पाणी काळं निघालं. शेवटचं इतकं नितळ, की तळाचा दाणा न् दाणा दिसत होता.

"आता पाह्य. काय राह्यलं त्यात?"

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या मित्राचा फोन. थोडे दाणे मी आधीच धुऊन त्याच्याकडे तपासायला दिले होते. धुऊनही शिसं निघालं, तान्ह्या बाळाला देऊ नका, म्हणाला.

"आई, ते वरतं नाही. दान्याच्या आत हाय."

"आत कोनं नेलं?"

"मुळानं. मातीतून."

ती हसेल असं वाटलं होतं. ती एक दाणा बोटावर घेऊन बघत बसली. मीही बघितला. पांढरा, टपोरा. मुळाने ते पाण्याबरोबर उचललं, माणसाहून उंच धांड्यातून वर चढवलं, कणसात नेऊन ठेवलं. एवढं काम, आणि आवाज नाही. भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी नुसता थक्क झालो. असं का?

"मुळाले काय मालूम," आई म्हणाली. "त्याले जे भेटलं, ते त्यानं दान्याले देल्लं. मीबी तेच करून राह्यलती."

कण्या दिग्रसच्या मामाकडून आणायचं ठरलं. मग थांबून तिनेच विचारलं, "त्याची ज्वारीबी तपासाची का?"

घमेलं अजून अंगणात आहे. पाणी अजून नितळच.