रोमन घोड्याची रिकीब

माधव नगर, उज्जैन
१५ डिसेंबर १९९७

प्रिय गौरी,

तुला अनेक आशीर्वाद.

इकडे ठंडी मस्त पडली आहे. भैरवगढहून तुझ्यासाठी छापाची निळी चादर आणली. मुंबईच्या तुझ्या एवढ्याशा खोलीत कुठे पसरशील मालूम नाही, पण रंग बघून राहवलं नाही.

तुमच्या मालिकेची कॅसेट मिळाली. महाल, कपडे, सगळं झकास. क्लिओपात्रा झालेली मुलगीही गोड आहे. फक्त जानेवारीत कॅमेरावाल्यांना घेऊन येऊ नकोस. बैठकीला रंग द्यायचा आहे. शिवाय बाबांचा आवाज बसला आहे. प्रत्येक भागाआधी त्यांनी दोन मिनिटं खरा इतिहास सांगावा, ही तुझी कल्पना छानच होती. पण दुसऱ्या कुणा प्राध्यापकांना विचार.

हे वाचून तू लगेच फोन लावशील आणि "बाबांना दे" म्हणशील. फोनवर मला बोलता येत नाही, ते समोरच बसलेले असतात. म्हणून इथेच लिहिते.

पहिल्या भागांतल्या चुका काढून तुला पाठवल्या, तेव्हा मी लिहिलं होतं की बाबांचा हात दुखतो, ते सांगताहेत आणि मी उतरवून घेते आहे. त्यांचा हात ठीक आहे. त्या चुका मीच काढल्या. रोमन घोडेस्वाराच्या पायात रिकीब नको, पाय अडकवायची ती कडी तेव्हा नव्हतीच. क्लिओपात्राच्या काळात पिरॅमिड बांधताना दाखवू नका, ते तेव्हाच हजारो वर्षं जुने होते. सीझरला सम्राट म्हणू नका. जेवताना बाबांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आमटीत मीठ घालायचं विसरेन, पण हे नाही. परदेशी मालिका लागली की ते टीव्हीशीच भांडायचे. "अरे गाढवा, रिकिबीत पाय घालतोस? अजून सहाशे वर्षं थांब!" आणि तू हसून लोटपोट व्हायचीस.

काल दुपारी तुझी कॅसेट लावली. घोडे धावत आले, रिकिबी अजून तशाच. मी पडद्याकडे नाही, यांच्याकडे बघत होते. हे घोड्यांकडे कौतुकानं बघत राहिले. मेजवानीच्या ताटात लालबुंद टोमॅटो आले, तेव्हा न राहवून मीच म्हटलं, "अहो, इजिप्तमध्ये टोमॅटो! ते तर दीड हजार वर्षांनी अमेरिकेतून आले!"

"हो ना," म्हणाले, "ताजे दिसताहेत."

मी हसले. काय करणार?

मग शेवटचा भाग. रोमन सैन्य शहरात शिरलं, राणीनं स्वतःला कोंडून घेतलं. हे खुर्चीत पुढे सरकले आणि माझा हात घट्ट धरला.

"ही वाचेल ना?"

गौरी, क्लिओपात्रा सापानं मेली की विषानं, यावर ज्यांनी कॉलेजातल्या पोरांना तासभर भांडायला लावलं, ते मला विचारत होते. गंमत नव्हती. डोळ्यांत पाणी होतं.

मी म्हटलं, "वाचेल." आणि टीव्ही बंद केला.

"फार बरं झालं," म्हणाले. एकदम निवांत झाले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले, "आप चाय पिएँगी? मेरी पत्नी अभी आती होगी."

आपल्या घरात हिंदी शब्द येता-जाता असतात, पण आम्ही दोघं आपसांत मराठीतच बोलत आलो. मी "जी" म्हटलं, आत जाऊन चहा केला. कप घेऊन आले तर म्हणाले, "अनसूया, कुठे होतीस इतका वेळ?"

दिवाळीनंतर इंदूरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. गोळ्या दिल्या, पण गेलेलं परत येणार नाही, असंही सांगितलं. त्या दिवशी यांना सगळं नीट समजलं. परतताना नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "गौरीला सांगू नकोस. तिच्या मालिकेत सल्लागार म्हणून माझं नाव येऊ दे."

म्हणून मी चुका काढत बसले. कागदावर त्यांच्या जागी लिहिता आलं गं. कॅमेऱ्यासमोर त्यांच्या जागी कशी बसू?

नाव द्यायचं की नाही, ते तू ठरव. त्यांना खोट्याची चीड होती, आणि ही इच्छाही त्यांचीच आहे. मला दोन्हींतलं काही निवडता येत नाही.

तू मात्र ये. एकटी ये. आल्यावर "ओळखलंत का?" असं विचारून त्यांना परेशान करू नकोस. दारातूनच मोठ्यानं म्हण, "बाबा, मी गौरी." मग ते विचारतील ते सगळं पहिल्यांदाच विचारताहेत असं समजून सांग.

तुझी आई,
आणि अजून दिवसातला बराच वेळ त्यांची अनसूया